दुबईतल्या शाळेची नोकरी सोडताय? राजीनाम्याआधी हे हक्क माहीत असू द्या

समजा, दादरच्या एका शाळेत काही वर्षं शिकवून लालबागची एक शिक्षिका दुबईतल्या खासगी शाळेत रुजू झाली. तिथे चार वर्षं झाली. आता आईच्या आजारपणामुळे तिला घरी परतायचं आहे. शाळा म्हणते, "करार मोडताय, ग्रॅच्युइटी मिळणार नाही. वर व्हिसाचा खर्चही भरा."

शाळेचं म्हणणं बरोबर आहे का? संयुक्त अरब अमिरातीचा (यूएई) कायदा पाहिला, तर नाही.

कोणता कायदा लागू होतो?

यूएईतल्या खासगी शाळांना 2021 चा 33 क्रमांकाचा कामगार कायदा लागू आहे. तो 2 फेब्रुवारी 2022 पासून अमलात आला. दुबईतलं डीआयएफसी आणि अबुधाबीतलं एडीजीएम या वित्तीय क्षेत्रांचे नियम मात्र वेगळे आहेत.

मुदत संपण्याआधी नोकरी सोडता येते का?

येते. करार ठरावीक मुदतीचा असला, तरी योग्य कारण आणि लेखी नोटीस देऊन तो आधी संपवता येतो. नोटीस किमान 30 आणि जास्तीत जास्त 90 दिवसांची असते. नेमका आकडा करारात लिहिलेला असतो. नोटीस न देता निघालात, तर तेवढ्या दिवसांचा पगार भरून द्यावा लागतो. शाळेने नोटीस न देता काढलं, तर तोच नियम शाळेलाही लागू होतो.

मुंबईतल्या खासगी शाळांच्या शिक्षकांना हे नवीन नाही. महाराष्ट्राच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार कायम शिक्षकाला तीन महिन्यांची, तर कायम नसलेल्याला एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. राजीनाम्याच्या दोन प्रती करून एक रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायची आणि एक स्वतःकडे ठेवायची, हेही इथल्या कायद्यात आहे. ही सवय परदेशातही सोडू नका. तिथे राजीनामा ईमेलने द्या आणि पोच मागा.

प्रोबेशनमध्ये असाल तर?

प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. या काळात देश सोडून परतायचं असेल, तर 14 दिवसांची नोटीस लागते. यूएईतल्याच दुसऱ्या शाळेत जायचं असेल, तर एक महिन्याची.

ग्रॅच्युइटी किती मिळते?

एक वर्ष सेवा पूर्ण झाली की स्वतःहून राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचा, त्यापुढे दरवर्षी 30 दिवसांचा मूळ पगार. बिनपगारी रजेचे दिवस यात धरत नाहीत.

इथे 'मूळ पगार' हा शब्द महत्त्वाचा आहे. वरच्या उदाहरणातल्या शिक्षिकेचा एकूण पगार 5,000 दिरहम आणि त्यातला मूळ पगार 3,000 दिरहम आहे असं धरू. एका दिवसाचे झाले 100 दिरहम, वर्षाचे 2,100 आणि चार वर्षांचे 8,400. एकूण पगारावर हिशेब केला, तर हाच आकडा 14,000 होतो. म्हणून ऑफर लेटरवर सही करतानाच मूळ पगार किती आणि भत्ते किती, हे पाहायला हवं.

ही रक्कम आणि बाकीची देणी करार संपल्यापासून 14 दिवसांत मिळायला हवीत.

शाळा काय करू शकत नाही?

• पासपोर्ट काढून घेणं. भारतीय पासपोर्ट ही 1967 च्या कायद्यानुसार भारत सरकारची मालमत्ता आहे. तो अडकवून ठेवायला यूएईच्या कायद्यातही मनाई आहे.
• भरतीचा खर्च शिक्षकाकडून वसूल करणं.
• अनुभवाचं प्रमाणपत्र नाकारणं. ते मोफत द्यावं लागतं आणि पुढच्या नोकरीत अडचण येईल असा शेरा त्यात चालत नाही.

पगारच मिळत नसेल तर?

मालक कराराचं पालन करत नसेल, तर नोटीस न देताही नोकरी सोडता येते. पण त्याआधी 14 कामकाजाचे दिवस तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाला कळवावं लागतं. न सांगता विमान पकडलं, तर गैरहजेरीची तक्रार होऊ शकते. बँकेचं कर्ज थकलं असेल, तर प्रवासबंदीही लागू शकते.

सर्वांत मोठी चूक कोणती?

परवाना आणि व्हिसा रद्द करताना 'सर्व देणी मिळाली' अशा कागदावर सही घेतली जाते. पैसे खात्यात जमा होण्याआधी ही सही करू नका. एकदा सही झाली की उरलेली रक्कम मागताना तोच कागद तुमच्याविरुद्ध पुरावा ठरतो. करार, पगाराच्या स्लिपा आणि ईमेल स्वतःच्या फोनमध्ये ठेवा. शाळेचं ईमेल खातं शेवटच्या दिवशी बंद होऊ शकतं.

दाद कुठे मागायची?

आधी यूएईच्या मनुष्यबळ मंत्रालयाकडे. 50,000 दिरहमपर्यंतच्या वादात मंत्रालयच निर्णय देऊ शकतं. कोर्टात जावं लागलं, तर एक लाख दिरहमपर्यंतच्या दाव्याला कोर्ट फी नाही. 2024 च्या दुरुस्तीनंतर नोकरी संपल्यापासून दोन वर्षांपर्यंत दावा करता येतो.

यूएईतल्या भारतीयांसाठी 800 46342 ही मोफत हेल्पलाइन आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर मुंबईतले घरचे लोकही तक्रार नोंदवू शकतात. एजंटने फसवलं असेल, तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या मुंबई कार्यालयात जाता येतं. नोंदणीकृत एजंटला 30,000 रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त शुल्क घेता येत नाही.

इतर देशांत हेच नियम आहेत का?

नाही. उदाहरणार्थ, कतारमध्ये ग्रॅच्युइटी वर्षाला किमान तीन आठवड्यांच्या मूळ पगाराइतकी आहे. नोटीस पहिल्या दोन वर्षांत एक महिन्याची आणि नंतर दोन महिन्यांची. त्यामुळे मैत्रिणीला मस्कतमध्ये किती मिळाले, यावर दुबईतला हिशेब मांडू नका. ज्या देशात नोकरी, त्याच देशाचा कायदा आणि स्वतःचा करार वाचा. मगच राजीनामा लिहा.