नाव न घेता

गलवान खोऱ्यात १५ जून २०२० रोजी आपले २० जवान धारातीर्थी पडले. २३ जुलैस दिल्लीत अर्थ मंत्रालयाने सामान्य वित्तीय नियमांतील १४४ व्या नियमात भर घातली. भूसीमा भिडलेल्या देशांतील निविदाकारास नोंदणीवाचून सरकारी खरेदीत प्रवेश उरला नाही. नोंदणीस परराष्ट्र व गृह मंत्रालयांची अनुमती हवी. लष्करी कचेरीतील संगणकही त्यात आला. विकाससाहाय्य घेणाऱ्या शेजाऱ्यांस सूट मिळाली. चीनचे नाव मात्र कोठेच नाही. कारकुनी भाषेची ही किमया आम्हांस अपरिचित नव्हे! १९५५ च्या गोदरेज टंकलेखन यंत्राचे झाकण उघडले की सारे अंतरंग दिसे. आजच्या प्रिंटरला स्मृती असते. नियम विक्रेत्याची मालकी विचारतो. देशी विक्रेत्याने आणलेल्या यंत्रातील चिप कोठली, हे आम्ही टिपणीत कोणत्या आधारे लिहावे?