आधी बाहेर, मग आत

चिंतेने पोखरलेल्या माणसाला ‘जरा मोकळ्या हवेत फिरून ये’ म्हणणे वेगळे आणि निसर्गाच्या आधाराने त्याच्यावर मानसोपचार करणे वेगळे. दुसऱ्यात क्रमाला महत्त्व आहे: आधी बाहेरचा निसर्ग, मग आतले शरीर.

निसर्गाचा परिणाम मोजता येतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१५ साली ३८ निरोगी माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहीजण ९० मिनिटे गवताळ, झाडीच्या भागातून चालले, काहीजण रहदारीच्या रस्त्याकडेने. झाडीतून चालून आलेल्यांचे तेच ते उगाळत बसणे कमी झाले आणि त्याच्याशी निगडित मेंदूच्या भागातली सक्रियताही घटली. एवढ्यावरून नैराश्य बरे होते असे मात्र कुणी म्हणू नये.

शरीरभानाचा, म्हणजे शरीरातल्या संवेदनांकडे लक्ष देण्याचा, मार्ग मात्र आतून जातो. धडधड, श्वास, पोटात पडलेला खड्डा यांची खबर मेंदूतल्या ‘इन्सुला’ या भागाला लागते. भावना घडते ती या खबरांतूनही. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेल्या उपचारक्रमात एकेका अवयवावरून लक्ष फिरवतात. इगतपुरीला विपश्यनेचे शिबिर केलेल्यांना ही रीत परकी वाटणार नाही.

पण ज्याला भीतीचे झटके येतात, त्याला डोळे मिटून हृदयाकडे लक्ष द्यायला लावले, तर धडधड हीच धोक्याची घंटा वाटून तो आणखी घाबरू शकतो. अत्याचार सोसलेल्यांना तर स्वतःच्या शरीरातच सुरक्षित वाटत नसते. म्हणून माझ्या मते सुरुवात बाहेरून व्हावी. डोळे उघडेच ठेवून तळहात झाडाच्या बुंध्यावर टेकवायचा. साल कुठे खरखरीत आहे, कुठे ओलसर, मुंग्यांची रांग कुठून चालली आहे, हे बोलून सांगायचे. सांगता सांगता श्वास संथ होऊ लागला, की तळपायांखालची माती, मग खांद्यांचा ताण. छातीकडे सगळ्यांत शेवटी. जीव घाबरा होऊ लागला, की पुन्हा सालीकडे. उपचार घडतो तो या ये-जा करण्यात. आत गेलो तरी परत येता येते, हे रुग्णाच्या अनुभवाला येते.

हा औषधांना पर्याय नव्हे. तीव्र आजारात आणि आत्महत्येचे विचार येत असताना मानसोपचारतज्ज्ञाकडे तातडीने जायलाच हवे. शिवाय निसर्ग सगळ्यांनाच शांत करत नाही. निर्जन जागी जिच्यावर हल्ला झाला, तिच्यासाठी दाट झाडी हीच भीती असते. तिची जागा तिनेच निवडावी, मग ती दवाखान्याच्या गॅलरीतली कुंडी का असेना.