अकबराचे दोन-तीन झुरके

असद बेग विजापूरहून परतला तो आदिलशाही दरबारातल्या भेटी घेऊन. अकबराच्या अखेरच्या एक-दोन वर्षांतली ही गोष्ट. त्या भेटींत तंबाखू होती. उत्तरेत त्याने ती कधी पाहिली नव्हती, म्हणून बादशहासाठी खास सरंजाम करून आणली: अचीनहून आलेली तीन हात लांबीची नळी, तिच्या दोन्ही टोकांना रत्ने आणि मीनाकाम, ओठांना लावायला यमनी अकीक, निखाऱ्यासाठी सोन्याचे पात्र. नळी ठेवायला मखमलीने मढवलेली चांदीची नळकांडीसुद्धा.

असद बेगचा हा वृत्तांत मूळ फारसीत आहे. माझ्या हाताशी असतो तो एल्यट आणि डाउसन यांच्या ग्रंथमालेत १८७५ साली छापलेला इंग्रजी उतारा. अनुवादकाच्या सवयीने मी त्यात चवीचा शब्द शोधत राहते. नळीचे वर्णन इतके बारीक आणि धुराचे जवळजवळ नाहीच! एक पान पेटवले की सगळी तंबाखू जळत राहते, एवढीच मालाची तारीफ. पुढे हुक्क्यासाठी गूळ घालून मळलेला गुडाखू आला, फळे-मसाले घालून आंबवलेला खमीरा आला, आणि सुगंधाची पारख हे रसिकतेचे अंग झाले. इथे मात्र वासाला अजून भाषाच मिळालेली नाही. क्रियापदाचाही घोळ आहेच: मराठी माणूस धूर ओढतो, हिंदीत तो पितात, आणि सतराव्या शतकातले इंग्रजही तंबाखू ‘पीत’.

अकबराने चौकशी केली तेव्हा खान-इ-आझमने सांगितले की मक्का-मदिनेत ही प्रसिद्ध आहे आणि औषध म्हणून आणली आहे. हकीम पुढे झाला, नको म्हणाला. बादशहाने असद बेगचे मन राखण्यापुरते दोन-तीन झुरके घेतले आणि नळी खान-इ-आझमकडे दिली. मग औषधांच्या जाणकाराला बोलावले. त्याच्या ग्रंथांत या वनस्पतीचा उल्लेख नव्हता, पण युरोपातल्या वैद्यांनी तिची स्तुती केल्याचे त्याला ठाऊक होते. हकिमाचे म्हणणे, आपल्या शहाण्यांनी न पारखलेली वस्तू फिरंग्यांच्या भरवशावर का घ्यावी? असद बेगचे उत्तर असे, की जगातली प्रत्येक रीत कधीतरी नवीच होती. अकबराने कौल त्याच्या बाजूने दिला. केवळ आपल्या पोथ्यांत नाही म्हणून एखादी गोष्ट नाकारली तर पुढे जाणार कसे, हा त्याचा मुद्दा.

हे वाचताना मी नेहमी असद बेगच्या बाजूने होते, आणि मग आठवते की आज आपल्याला हकीमच बरोबर वाटायला हवा. पण त्याने तंबाखू पारखली नव्हती. त्याचा आक्षेप ती कुठून आली यावर होता. न तपासता नाही म्हणणारा नेमका बरोबर निघावा, ही इतिहासाची थोडी खट्याळ बाजू.

असद बेगने उरलेली तंबाखू सरदारांत वाटली, मागणी वाढली, व्यापारी विकू लागले. अकबराने स्वतः मात्र ती सवय लावून घेतली नाही. जहांगीरने १६१७ साली धूम्रपानाला मनाई केली. तिकडे इराणात शाह अब्बासनेही बंदी घातली होती, आणि जहांगीरचा वकील खान आलम याला तंबाखूवाचून क्षणभर करमत नसे. शाहने त्याच्यापुरती सूट दिली.