लंडन ते सिंगापूर : खुष्कीच्या वाटेचा बेत

लंडनहून सिंगापूरला जावयाचे तर १९५५ साली कोणाला फारसा विचार करावा लागत नसे. जहाजाचे तिकीट काढावे, सुवेझच्या कालव्यातून निघावे आणि काही आठवड्यांनी मलायाच्या टोकाला उतरावे, असा तो सरळ राजमार्ग होता. परंतु आशियाचा नकाशा पुढे पसरला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. इंग्लिश खाडी आणि बॉस्फरसची सामुद्रधुनी एवढे समुद्राचे दोन पट्टे सोडले, तर मधली सारी भूमी सलग आहे. सिंगापूरचे बेटदेखील १९२४ पासून मलायाशी बांधाने जोडलेले आहे. असे असूनही त्या काळापर्यंत मोटारीने हा सारा प्रवास कोणाच्याही हातून पुरा झाला नव्हता. भारतापर्यंत मोटारी येत. पुढे आसाम आणि ब्रह्मदेश यांच्या सीमेवरील अरण्यात वाट खुंटे.

ही अडलेली वाट मोकळी करण्याचे मनात आणले ते विद्यापीठातील तरुणांनी. एड्रियन कॉवेल याने १९५४ साली अशाच एका आफ्रिकेच्या मोहिमेत भाग घेतला होता. त्याने व टिम स्लेसर याने मित्र जमविले. हेन्री नॉट यंत्रकाम जाणणारा. अँटनी बॅरिंग्टन ब्राउन छायाचित्रकार. वॉटसन व क्रिक या शास्त्रज्ञांचे, त्यांनी रचलेल्या जीवनद्रव्याच्या प्रतिकृतीसह, १९५३ साली घेतलेले प्रसिद्ध छायाचित्र याच ब्राउनचे होय. पॅट मर्फी आणि नायजेल न्यूबेरी मिळून संख्या सहा झाली. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन विद्यापीठांच्या जोडनावाने मोहीम जाहीर झाली. नाव भारदस्त खरे. पण खिसे रिकामे होते, आणि नावाच्या जोरावर खिसा भरावयाचा हेच पहिले काम होते.

प्रथम वाहनाचा प्रश्न. साध्या मोटारीत यंत्राची शक्ती दोनच चाकांना मिळते. ती दोन चाके चिखलात गरगरू लागली की गाडी पुढे न सरता आपलाच खड्डा खणीत बसते. चारही चाकांना शक्ती मिळाली तर एक चाक निसटले तरी दुसरे धरून ठेवते. आणि तीच शक्ती सावकाश पण अधिक नेटाने लावणारे जादा दाते असले म्हणजे गाडी उभा चढही बैलासारखी चढते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या जीप गाडीने हे जगाला दाखविले. त्याच धर्तीवर इंग्लंडच्या रोव्हर कंपनीने १९४८ च्या एप्रिलमध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर मांडली. पोलाद तेव्हा इंग्लंडात तुटवड्याचे, म्हणून तिचा सांगाडा पोलादी ठेवून अंगावरचे पत्रे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले. टंचाईतून निघालेली ही युक्ती पुढे गुणच ठरली. कारण तो पत्रा गंजत नाही. मोहिमेला अशा दोन गाड्या मिळाल्या. एकीला ऑक्सफर्डचा गडद निळा रंग दिला, दुसरीला केंब्रिजचा फिकट निळा. आणि विद्यापीठांचीच नावे गाड्यांना पडली. पुढच्या बाजूस, रुतलेली गाडी दोराने ओढून काढण्यासाठी, रहाट बसविलेला होता.

पैशासाठी त्यांनी कारखानदारांची दारे ठोठावली. वस्तू द्या, आम्ही ती आशियाभर वापरून दाखवू, असा सौदा. पण अनोळखी विद्यार्थ्यांवर विश्वास कोणी ठेवावा? तेथे बी.बी.सी.चा हात उपयोगी पडला. डेव्हिड ॲटनबरो हे तेव्हा दूरचित्रवाणी विभागातील तरुण निर्माते होते. त्यांनी प्रवासाचे चित्रण करण्यासाठी फिल्म देऊ केली. प्रवास पडद्यावर दिसणार म्हटल्यावर इतरांची भीड चेपली. अशा रीतीने एकाचा शब्द दुसऱ्याला तारण ठेवून सिद्धता वाढत गेली.

गाडी आणि पैसा ही दोन्ही साधने दिसण्यासारखी. न दिसणारी सिद्धता कागदाची होती, आणि ती अधिक बिकट. प्रत्येक देशाच्या प्रवेशाचा परवाना निराळा. शिवाय मोटार परदेशात नेणे म्हणजे जकातीच्या दृष्टीने माल आणण्यासारखेच. ती तेथे विकली तर सरकारचे नुकसान. म्हणून गाडी परत बाहेर न नेल्यास जकात भरली जाईल, अशी हमी देणारे दस्तऐवजांचे पुस्तक मोटार-संघाकडून घ्यावे लागते. प्रत्येक नाक्यावर त्याचे एक पान येताना आणि एक जाताना शिक्कामोर्तब होते. एक शिक्का चुकला तरी गाडी अडते. तिथे चार चाकांची शक्ती काय कामाची?

त्यानंतर ऋतूंचा हिशेब. तुर्कस्तान आणि इराण यांच्या पठारावर हिवाळ्यात बर्फ पडते, तर बलुचिस्तानच्या वाळवंटात उन्हाळ्यात यंत्रही तापून जाते. आसाम-ब्रह्मदेश सीमेवर मे ते ऑक्टोबर पाऊस असा कोसळतो की वाट नावाची वस्तूच उरत नाही. आसामात ब्रह्मपुत्रेवर तेव्हा एकही पूल नव्हता. सराईघाटचा पहिला पूल १९६२ साली झाला. म्हणजे नदीही नावेनेच उतरावयाची. हे सारे जमवून घेण्यासाठी पंचांग उलटे वाचावे लागे. ब्रह्मदेशात कोरड्या महिन्यांत पोहोचावयाचे तर इंग्लंड पावसाळ्याच्या शेवटासच सोडले पाहिजे. प्रस्थानाचा दिवस ठरला १ सप्टेंबर १९५५.

तरीही एक प्रश्न उरलाच, आणि सारा बेत त्या एका प्रश्नावर टांगलेला होता: आसामातून ब्रह्मदेशात उतरावयाचे कोठून? उत्तर एकच होते, लेडोचा रस्ता. जपानने १९४२ साली ब्रह्मदेश घेतल्यावर चीनची रसद तुटली. तेथून हजारो भारतीय पायी भारताकडे निघाले. त्यातले कित्येक याच हुकाँगच्या खोऱ्यात आणि पांगसाऊच्या घाटात भूक व तापाने गतप्राण झाले. त्याच मुलुखातून अमेरिकनांनी १९४२ च्या डिसेंबरमध्ये रस्ता खोदावयास घेतला. सुमारे १५,००० अमेरिकन सैनिक, ज्यांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णी होते, आणि सुमारे ३५,००० स्थानिक मजूर त्यावर राबले. अकराशेंहून अधिक अमेरिकन मेले. मजूर त्याहून अधिक दगावले. ३,७२७ फूट उंचीचा पांगसाऊ घाट ओलांडून रस्ता पुढे जुन्या ब्रह्मी रस्त्याला मिळाला. १२ जानेवारी १९४५ रोजी लेडोहून निघालेला पहिला तांडा ४ फेब्रुवारीला चीनमधील कुनमिंगला पोहोचला. त्याच वर्षी युद्ध संपले, आणि इतक्या प्राणांच्या मोलाने केलेला रस्ता निरुपयोगी ठरला. पूल वाहून गेले, अरण्याने आपली जमीन परत घेतली.

रस्ता मोडका होता, तसा तो बंदही होता. ब्रह्मदेश १९४८ साली स्वतंत्र झाला आणि लगेच बंडाळ्यांनी ग्रासला गेला. परकी प्रवाशांना त्या मुलुखात सोडून त्यांच्या जिवाची जबाबदारी घेण्यास तेथील सरकार उत्सुक नसावे यात नवल नाही. परवाना न मिळता तर हजारो मैल चालून आलेल्या गाड्या कलकत्त्याला जहाजावर चढवून रंगूनला उतरवाव्या लागल्या असत्या. प्रवास तसाही पुरा झाला असता. पण मग निघण्याचे प्रयोजनच उरले नसते. खटपटीअंती परवाना मिळाला, आणि त्या एका कागदाने ही मोहीम पूर्वीच्या प्रयत्नांहून वेगळी ठरविली.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येते, हेच पूर्वतयारीचे यश. हाइड पार्कच्या कोपऱ्यावरून निघालेल्या गाड्या तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान असे करीत भारतात आल्या. १९५६ च्या आरंभी त्या लेडोच्या रस्त्याला लागल्या. पूल नाहीत तेथे पाण्यातून, वाट नाही तेथे झाडी तोडून, त्या ब्रह्मदेशात उतरल्या. शान संस्थानांतून सयामात आणि तेथून बंडखोरांच्या धास्तीत असलेल्या मलायात आल्या. ६ मार्च १९५६ रोजी, सुमारे १८,००० मैल चालून, दोन्ही गाड्या सिंगापूरला पोहोचल्या. स्लेसरने लिहिलेले या प्रवासाचे पुस्तक १९५७ साली प्रसिद्ध झाले.

त्यांनी उघडलेले दार फार दिवस उघडे राहिले नाही. १९६२ साली ब्रह्मदेशात लष्करी सत्ता आली आणि परक्या मोटारींना खुष्कीची वाट सुमारे अर्धशतक मिटली. ‘ऑक्सफर्ड’ गाडी दक्षिण अटलांटिकमधील सेंट हेलेना बेटावर पडून राहिली होती. ती दुरुस्त होऊन २०१९ साली उलट दिशेने, सिंगापूरहून लंडनला, पुन्हा चालत गेली. सत्त्याऐंशी वर्षांचे स्लेसर तिच्याबरोबर निघणार होते. ऐन वेळी ते आजारी पडले, आणि त्यांची जागा नातवाने घेतली.

चारही चाकांना शक्ती देणारी गाडी आज कोणालाही विकत मिळते, आणि ती कितीही खडतर भूमी तुडवू शकते. परंतु भूमी ही वाटेतील सर्वांत लहान अडचण आहे. पावसाशी वेळ जमावी लागते, शेजाऱ्यांत सलोखा असावा लागतो, नाक्यावरच्या माणसाने शिक्का मारावा लागतो. आणि जेथे अरण्यातून वाट काढता येते तेथेही ती बहुधा आधी कोणीतरी खोदलेली असते. त्या सहा तरुणांची नावे इतिहासाला ठाऊक आहेत. ज्यांनी पांगसाऊचा डोंगर कुदळीने फोडला, त्या पस्तीस हजार मजुरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. गाड्या मात्र त्यांच्याच वाटेने गेल्या.