भरण कुणाचं, दोरा कुणाचा

१८२६च्या जानेवारीत उत्तर इंग्लंडमधल्या वॉर्डन गावाजवळ जोसेफ हेडली नावाच्या म्हाताऱ्याचा त्याच्याच झोपडीत खून झाला. त्या मुलखात त्याला सगळे ‘जो द क्विल्टर’ म्हणत. शिंपीकाम शिकलेला हा माणूस लोकांच्या गोधड्या टिपून देण्यात इतका नावाजला होता, की एकट्या राहणाऱ्या या कारागिराने पैसा गाठीला बांधला असणार, अशी कुजबुज होती. खुनी कधीच सापडला नाही. जोच्या झोपडीची प्रतिकृती मात्र आज बीमिशच्या संग्रहालयात उभी आहे.

गोधडी म्हटली की आजी आणि जुनी लुगडी, हे चित्र आपल्याकडे जसं ठरलेलं, तसंच इंग्लंड-अमेरिकेत क्विल्टचंही ठरून गेलं आहे. त्या चित्रात मजुरीवर टाके घालणारा माणूस बसत नाही. पण तो होता, आणि बऱ्याचदा ती होती. नॉर्थम्बरलंडच्या अ‍ॅलनहेड्स गावातला दुकानदार जॉर्ज गार्डिनर कापडावर निळ्या पेन्सिलीने नक्षी काढून द्यायचा. त्याची शिष्या एलिझाबेथ सँडरसन याच कामात पुढे त्याच्याहून नामांकित झाली. वेल्समध्ये क्विल्ट करणाऱ्या बायका शेतावरच्या घरांत मुक्काम टाकत, तिथलं काम उरकलं की पुढचं घर गाठत. भरणाला मेंढ्यांची लोकर असे.

अमेरिकेत अशी बाई मजुरी सांगायची ती बहुधा दोऱ्यावर. इतके वार दोरा खपला, इतके पैसे. वरचं तुकडे जोडलेलं कापड घरधनिणीचं, टीप दुसरीची. हिशेब चोख होता: दोरा जास्त, म्हणजे टाके जास्त.

आणि टाक्यांची ही दाटी नुसत्या हौसेची नव्हती. हाताने पिंजलेला कापूस दोन कापडांमध्ये सुटा पसरलेला असे. इंच-दोन इंचांवर टीप नसली तर पहिल्याच धुण्यात त्याचे गोळे होऊन एका कोपऱ्यात जमायचे. म्हणजे आज संग्रहालयात ज्या घनदाट नक्षीकडे आपण डोळे विस्फारून पाहतो, तिच्यामागे सौंदर्यदृष्टीइतकाच भरणाचा नाठाळपणाही आहे. जुना क्विल्ट उजेडासमोर धरला की आत काळे ठिपके दिसतात, ते सरकीचे आणि पालापाचोळ्याचे. त्यावरून ‘हा १७९३च्या आधीचा’ असं छातीठोक सांगणारे भेटतात, कारण एली व्हिटनीचं सरकी काढण्याचं यंत्र त्या वर्षीचं. पण यंत्रातून निघालेल्या हलक्या प्रतीच्या कापसातही सरकीचे कण राहतच होते, त्यामुळे ठिपक्यांवरून वय ठरत नाही. सिनसिनाटीच्या स्टर्न्स अँड फॉस्टर कंपनीने, जिची स्थापना १८४६ची, पुढे ‘माउंटन मिस्ट’ नावाने कापसाची सलग लादी विकली. लादीवर खळीसारखा पातळ थर दिल्याने ती उलगडताना फाटत नसे आणि अंथरणं सोपं जाई. वेष्टनावर क्विल्टचे नमुने छापलेले असत. धंद्याची ही युक्ती नामी होती. नमुना आवडला की भरण आपसूक खपायचं.

दोऱ्याची गोष्ट युद्धातून सुरू होते. नेपोलियनच्या काळात रेशमाची आवक तुटली, तेव्हा स्कॉटलंडमधल्या पेझलीच्या क्लार्क घराण्याने कापसाचा पीळदार, गुळगुळीत दोरा काढला आणि १८१२मध्ये गिरणी घातली. शिलाई यंत्र आल्यावर जुना तीन पदरी दोरा अडू लागला. मग १८६०च्या दशकात सहा पदरी दोरा आला, हातालाही चालणारा आणि यंत्रालाही. जॉर्ज क्लार्क यांनी तो अमेरिकेत ‘आपला नवा दोरा’ अशा अर्थाच्या तीन अक्षरांनी, ओ.एन.टी. म्हणून खपवला.

मजुरीची टीप किती झाकली जायची, याचा कळस १९३३मध्ये झाला. शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सिअर्स कंपनीने क्विल्टची स्पर्धा ठेवली आणि सुमारे चोवीस हजार क्विल्ट आले. पहिलं बक्षीस केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या मार्गारेट केडन यांना मिळालं, सगळे मिळून १२०० डॉलर. क्विल्ट स्वतः केलेला असावा, अशी अट होती. केडनबाईंनी तो दुसऱ्या बायकांकडून करवून घेतला होता. त्या बायकांना बक्षिसातला वाटा मिळाला नाही. ऐन मंदीत मिळतं काम जाईल म्हणून त्या गप्प राहिल्या आणि खरी गोष्ट कितीतरी वर्षांनी बाहेर आली. बक्षिसाचा क्विल्ट एलिनॉर रूझवेल्ट यांना भेट दिला होता. पुढे त्याचा माग लागला नाही.

यंत्राच्या टाक्याला मान मिळायला आणखी अर्धं शतक गेलं. १९८९मध्ये केंटकीतल्याच पदुका शहरातल्या मोठ्या प्रदर्शनात कॅरल ब्रायर फॅलर्ट यांचा यंत्रावर टिपलेला क्विल्ट सर्वोत्कृष्ट ठरला आणि हातटाक्याच्या कैवाऱ्यांनी बराच गिल्ला केला. त्याच दशकात मिसूरीतल्या वेस्ट प्लेन्समध्ये गॅमिल कंपनी लाँगआर्म यंत्रं बनवू लागली होती. यात कापड चौकटीवर ताणलेलं राहतं आणि लांब हाताचं यंत्रच त्यावरून चहूकडे फिरतं. घरच्या यंत्रात हाताखाली वीतभर जागा, इथे दोन फूट, कधी त्याहूनही जास्त. जोचा धंदा पुन्हा उभा राहिला, मजुरी मात्र दोऱ्याऐवजी चौरस इंचावर आली आणि प्रदर्शनांत जोडणारी व टिपणारी अशी दोन्ही नावं लागू लागली.

घासाघीस अजून त्याच दोन गोष्टींवर होते, भरण आणि दोरा. काटेरी सुयांनी गुंतवून घट्ट केलेली आजची लादी दहा इंचांवर टीप असली तरी हलत नाही, तेव्हा कमी टिपेचा, म्हणजे स्वस्तातला, क्विल्ट मागता येतो. पुष्कळजणी ऐंशी टक्के कापूस आणि वीस टक्के पॉलिएस्टरची लादी घ्यायला सांगतात: कापसासारखी लोळते आणि धुतल्यावर कमी आटते. गडद कापडाखाली पांढरं पॉलिएस्टर असलं की तंतू टाक्यांतून वर येऊन पृष्ठभागावर लव धरते, म्हणून काळी लादीही निघाली आहे. दोरा मिनिटाला दोन-तीन हजार टाक्यांचा आणि सुईच्या उष्णतेचा मारा सोसणारा हवा. ठेवणीतलं जुनं रीळ आणून देणाऱ्या गिऱ्हाइकाला ते बहुतेक वेळा परत घेऊन जावं लागतं. खालून, अस्तराच्या बाजूने येणारा बॉबिनचा दोरा वरच्या दोऱ्याच्या रंगाशी फार फटकून असला तर ताण जरा चुकताच प्रत्येक टाक्याशी ठिपका उमटतो. म्हणून लाल कापड आणि पांढरं अस्तर घेऊन आलेल्या बाईला लाँगआर्मवाली बहुधा आधी अस्तरच बदलायला सांगते.