१४. ‘चौघांची दारे’

अमेरिकी विद्यापीठांच्या फुटबॉलमधील (आपल्याकडचा सॉकर नव्हे) २०१४ ते २०२३ या दहा हंगामांतली बाद फेरी. विद्यापीठे ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत खेळतात. मोठे गट पाच आणि जागा चार, म्हणजे एका मोठ्या गटाचा विजेता बाहेर राहणार हे आधीच ठरलेले. शिवाय निवड तेरा जणांची समिती करी, त्यामुळे गटाच्या लौकिकाला निकालांइतकेच वजन आले. २०२३ मध्ये एसीसी गटाचा अपराजित विजेता फ्लोरिडा स्टेट वगळला गेला आणि एक सामना हरलेला, एसईसी गटाचा अलाबामा आत आला. फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक (चढाई चालवणारा मुख्य खेळाडू) जायबंदी होता, हा समितीचा बचाव अगदीच पोकळ नाही. पण तो मानला तर जिंकलेल्या तेरा सामन्यांना अर्थ काय उरतो? २०२४ पासून बारा संघ आले आणि पाच गटविजेत्यांना हमी मिळाली, म्हणून बॉइसी स्टेटसारख्या लहान गटातल्या संघाला वाट सापडली. तरी त्या वर्षी बारापैकी सात जागा बिग टेन आणि एसईसी या दोनच गटांकडे गेल्या. ‘चौघांची दारे’ म्हणताना लेखकाचा रोख या विषमतेकडे आहे.