कोटी : एका शब्दाची दोन टोके

धनुष्याच्या टोकाला संस्कृतात ‘कोटि’ म्हणतात. न्यायशास्त्राने तोच शब्द संशयाच्या दोन बाजूंना लावला : समोर दिसतो तो खांब की माणूस? मराठीत युक्तिवादाची मांडणी झाली ‘कोटिक्रम’, आणि एका शब्दाचे दोन अर्थ भिडवणारी चतुराई ती ‘कोटी’. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) आणि त्यांना गुरू मानणारे राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) यांनी तिला रंगभूमीवर मानाचे स्थान दिले. टोमण्यालाच कोटी समजण्याची गल्लत मात्र आपण करू नये. टोमणा माणसावर होतो, कोटी शब्दावर. ऐकणाऱ्याला दोन्ही अर्थ उमगले तरच ती पुरी होते. म्हणून ज्या सभेत कोटीला हशा मिळतो, त्या सभेची मराठी शाबूत आहे, असे आम्ही समजतो.